सात देश नकोत, चार घ्या: पेरू ते पॅटागोनिया, सॅक पाठीवर घेऊन

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी, वय तिशीच्या आसपास. सह्याद्रीत नियमित ट्रेक करतो. तीन महिन्यांची बिनपगारी रजा मिळते आहे. कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया, चिली, अर्जेंटिना आणि ब्राझील असे सात देश टूर कंपनीशिवाय फिरायचे मनात आहे. दोघीही शाकाहारी, स्पॅनिश येत नाही. जमेल का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर: जमेल. टूर कंपनीची गरज नाही, आणि दोघी मिळून जाताय हे तर फारच चांगले. पण सात देश नकोत. पेरू, बोलिव्हिया, चिली आणि अर्जेंटिना हे चार घ्या. चिलीचा व्हिसा वेळेत हाती आला नाही तर तीनच.

या खंडातली अंतरे नकाशावरून कळत नाहीत. लिमा आणि कुस्को दोन्ही पेरूतच. विमानाने सव्वा तास लागतो, बसने वीस तासांच्या वर, कारण मध्ये अँडीज आहे आणि बस समुद्रसपाटीवरून निघून चार हजार मीटरचे घाट चढत-उतरत जाते. ब्यूनोस आयर्सहून खंडाच्या दक्षिण टोकाकडच्या पॅटागोनियातल्या एल कालाफातेपर्यंत जवळपास २,७०० किलोमीटर आहेत, म्हणजे दीड-दोन दिवस बसमध्ये. सात देश धरले तर रजेचा मोठा हिस्सा बसस्थानकांवर आणि व्हिसाच्या कागदांत जाईल. कोलंबिया-इक्वेडोर ही वेगळी सहल आहे, ती पुढे कधीतरी करा. ब्राझील जवळजवळ अर्धा खंड व्यापतो आणि तिथली भाषा पोर्तुगीज. इग्वासूचा धबधबा मनात असेल तर तो अर्जेंटिनाच्या बाजूनेही पाहता येतो. उरलेले चार देश अँडीजच्या एकाच रेषेवर आहेत आणि एकातून दुसऱ्यात रस्त्याने जाता येते.

कुठून सुरुवात करायची हे ऋतूवर ठरते. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगराळ भागात मे ते सप्टेंबर कोरडे दिवस आणि जानेवारी ते मार्च भर पाऊस. पॅटागोनियात याच्या उलट: चालण्याचे दिवस नोव्हेंबर ते मार्च, आणि जून-जुलैत कडाक्याचा हिवाळा, बर्फ, बंद पडलेली हॉस्टेले. म्हणून तीन महिन्यांचे दोनच बेत नीट बसतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला लिमात उतरून दक्षिणेकडे सरकत नोव्हेंबरअखेर पॅटागोनिया गाठायचा, किंवा मार्चमध्ये पॅटागोनियातून निघून वर येत मे महिन्यात पेरूत पोहोचायचे. तुमच्या पहिल्या सहलीसाठी मला सप्टेंबरचा बेत जास्त पसंत आहे. पेरूत प्रवाशांची सोय उत्तम आहे, खर्च कमी आहे आणि बोलण्याचा सराव होईपर्यंत चुका परवडतात. डिसेंबरात निघालात तर दरडी, बंद रस्ते आणि ढगाआड गेलेला माचू पिच्चू (डोंगरावरचे इंकाकालीन शहर) वाट्याला येऊ शकतो. फेब्रुवारीत माचू पिच्चूला पायी नेणारी इंका ट्रेल तर देखभालीसाठी बंदच असते. त्या दिवसांची एकच मोठी देणगी म्हणजे बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागरावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि सगळे आभाळ जमिनीवर उतरल्यासारखे दिसते.

तिकिटाआधी व्हिसाचे पाहा. भारतीय पासपोर्टवर तुमचा रस्ता पर्यटनस्थळांपेक्षा व्हिसा ठरवतो. तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक) किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असेल तर पेरूसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेचा वैध पर्यटक व्हिसा असलेल्या भारतीयांना अर्जेंटिनानेही ऑगस्ट २०२५ मध्ये व्हिसातून सूट दिली. तेव्हा दोघींपैकी कोणाकडे अमेरिकेचा जुना दहा वर्षांचा व्हिसा पडून असेल तर तो आधी शोधा. बोलिव्हिया आणि चिली यांचे नियम स्वतंत्रपणे पाहा. चिलीचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला आठवडे लागू शकतात, म्हणून तोच सर्वांत आधी भरा. बोलिव्हियाचे वाणिज्य दूतावास कुस्को आणि पुनोमध्ये आहेत, पण मी हे काम दिल्लीतल्या वकिलातीतूनच उरकून निघण्याचा सल्ला देते. वाटेत एक दिवस कचेरीपुढे रांगेत उभे राहण्यापेक्षा घरी बसून कागद जमवणे सोपे. आणखी एक गोष्ट नीट तपासा: व्हिसाची मुदत कोणत्या तारखेपासून मोजतात. शेवटच्या देशाचा व्हिसा फार लवकर काढला तर तिथे पोहोचेपर्यंत तो संपलेला असू शकतो. नियम बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढण्याच्या आठवड्यात प्रत्येक वकिलातीचे संकेतस्थळ पुन्हा एकदा वाचा.

तिकीट जाताना लिमाचे आणि परतताना ब्यूनोस आयर्सचे, असे एकत्रच काढा. मागे फिरून लिमाला येण्यात पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात. शिवाय परतीचे तिकीट मुंबई विमानतळावरच विचारले जाते. युरोपमार्गे जाताना काही देशांत नुसते विमान बदलण्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा लागतो, अमेरिकेमार्गे तर लागतोच. अदिस अबाबामार्गे साओ पाउलो हा रस्ता लांबचा वाटतो, पण ही कटकट त्यात नाही.

आता उंची. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सह्याद्रीतली चांगली ट्रेकर मंडळीच इथे सर्वांत जास्त अडचणीत येताना मी पाहिली आहेत. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. कुस्को शहर ३,४०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच, आणि तिथे तुम्ही झोपणार आहात. टिटिकाका सरोवर ३,८१२ मीटरवर. बोलिव्हियातल्या ला पाझच्या डोक्यावरचे एल आल्तो, जिथे विमानतळ आहे, ४,००० मीटरच्या वर. पायांत किती ताकद आहे याचा विरळ हवेशी संबंध नसतो. उलट दम चांगला असलेली माणसे पहिल्याच दिवशी भराभर चालतात आणि रात्री डोके धरून बसतात.

म्हणून लिमाहून विमानाने थेट कुस्कोला जाऊ नका. लिमातून पाराकास आणि नास्का करत बसने आरेकिपाला या. हे पांढऱ्या ज्वालामुखी दगडात बांधलेले देखणे शहर सुमारे २,३०० मीटरवर आहे. तिथे चार दिवस राहा, मग कोल्का दरीत उतरा. सह्याद्रीत आपण ताज्या दमाने चढतो आणि संध्याकाळी उतरतो. कोल्कात आधी हजार मीटरपेक्षा जास्त उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तेवढेच चढायचे. पहाटेचा चढ उन्हाआधी उरकायचा, हे तुम्हाला सांगायला नकोच. त्यानंतर कुस्कोला पोहोचाल तेव्हा शरीर तयार झालेले असेल. वेळ फारच कमी असेल आणि विमानानेच जावे लागले, तर कुस्कोत न थांबता त्याच दिवशी ओयांतायताम्बोला उतरा. ते २,८०० मीटरवर आहे.

तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हा नियम पाळा. उंचीच्या त्रासावरचे डायमॉक्स हे औषध घ्यायचे की नाही हे निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून ठरवा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. कोकाच्या पानांचा चहा तिथे हॉटेलात सर्रास मिळतो, पिऊन बरेही वाटते, पण तो औषधाची जागा घेत नाही. डोके दुखणे, भूक मरणे, झोप न लागणे हे सहन करत एक दिवस थांबता येते. मात्र बसल्या जागी धाप लागत असेल, किंवा चालताना तोल जात असेल, बोलणे असंबद्ध होत असेल, तर रात्र असो की पाऊस, ताबडतोब खाली उतरायचे. दोघी आहात, तेव्हा एकमेकींवर लक्ष ठेवा. जिला त्रास होतो तिला तो बहुधा कळत नसतो.

कुस्कोत हल्ली 'इंद्रधनुषी पर्वता'ची एका दिवसाची सहल प्रत्येक दुकानात विकतात. तो डोंगर ५,००० मीटरच्या वर आहे. कुस्कोत आठवडा काढला असेल तर जा. दुसऱ्याच दिवशी गेलेल्यांना गाडीत ओकताना मी पाहिले आहे.

माचू पिच्चूची तिकिटे सरकारी संकेतस्थळावर मिळतात आणि हंगामात आठवडे आधी संपतात. २०२४ पासून आत फिरण्याचे नवे मार्ग ठरवून दिले आहेत, त्यामुळे तिकीट घेताना कोणत्या मार्गावरून काय दिसते ते वाचून घ्या. सगळ्यांच्या मनात असतो तो वरून दिसणारा देखावा हवा असेल तर तो मार्गच घ्यावा लागतो, आत गेल्यावर बदलता येत नाही. तिकिटे संपली असतील तर पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावात रोज पुढच्या दिवसासाठी काही तिकिटे समोरासमोर विकतात, पण त्यासाठी एक-दोन रात्री जास्तीच्या ठेवा. तिकिटावरचे नाव आणि पासपोर्ट क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे.

तिथे जायची रेल्वे महाग आहे. तुम्हा दोघींना मी दुसरा रस्ता सुचवेन: कुस्कोहून मिनीबसने इद्रोएलेक्त्रिका, तिथून रुळांच्या कडेने दहा-अकरा किलोमीटर चालत आग्वास कालिएन्तेस. बाजूला नदी, वर जंगल, वाट सपाट. मिनीबसचा घाट मात्र भीतिदायक आहे आणि सहा-सात तास चालतो, तेव्हा पावसाळ्यात हा विचार सोडा. इंका ट्रेलवर वाटाडे आणि हमाल धरून दिवसाला पाचशेच माणसांना सोडतात आणि ती अधिकृत संस्थेमार्फतच करता येते. माचू पिच्चूकडेच जाणारी साल्कान्तायची वाट ४,६०० मीटरच्या खिंडीतून जाते. तिला असा परवाना लागत नाही, आणि हिमशिखराच्या इतक्या जवळून जाते की मी तीच निवडेन.

टिटिकाकाच्या काठच्या पुनोहून बोलिव्हियात शिरताना कासानी नावाची छोटी सीमा लागते. बस थांबते, तुम्ही उतरून पेरूच्या कचेरीत बाहेर पडण्याची नोंद करता, कमानीखालून चालत पलीकडे जाता आणि बोलिव्हियाचा शिक्का घेता. दोन्ही कचेऱ्या झाल्याशिवाय बसमध्ये चढायचे नाही. एक नोंद राहिली तर देश सोडताना दंड आणि मनस्ताप होतो. पुढे कोपाकाबानात दोन रात्री राहा आणि सरोवरातल्या इस्ला देल सोल बेटावर एक मुक्काम करा. कोपाकाबाना ते ला पाझ रस्त्यात तिकिना सामुद्रधुनीपाशी सगळ्यांना उतरवतात. माणसे लहान होडीतून आणि बस लाकडी तराफ्यावरून पलीकडे जाते. पासपोर्ट आणि पैसे त्या वेळी अंगावर हवेत, बसमध्ये नव्हे.

ला पाझमध्ये २०१४ पासून सुरू झालेले केबल कारचे जाळे हे शहर पाहण्याचे सर्वांत चांगले आणि स्वस्त साधन आहे. पण माझा जीव रमतो तो सुक्रेमध्ये. २,८०० मीटर, पांढऱ्या भिंती, सौम्य हवा. इथे आठवडाभर थांबा आणि रोज चार तास स्पॅनिशची शिकवणी लावा. बोलिव्हियातले लोक सावकाश आणि स्पष्ट बोलतात, शिकवणी स्वस्त आहे. पुण्या-मुंबईतून निघण्यापूर्वी आकडे, वेळ, दिशा, जेवण आणि आजारपण एवढ्यापुरते बोलणे आलेच पाहिजे. लहान गावांत इंग्रजीवर काहीही होत नाही. सुक्रेजवळच्या पोतोसीत चांदीच्या खाणी दाखवायला पर्यटकांना नेतात. लोक आजही तिथे जीव धोक्यात घालून राबतात. मला तो देखावा म्हणून पाहवत नाही, आणि तुम्हीही आत उतरू नये असे मला वाटते.

बोलिव्हियात रस्ते अडवण्याची आंदोलने वारंवार होतात आणि ती कधी मिटतील हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून या देशातून बसने बाहेर पडण्याच्या दिवसाला लागून विमानाचे तिकीट काढू नका. मध्ये तीन मोकळे दिवस ठेवा.

उयुनीपाशी तुमच्या रस्त्याला दोन फाटे फुटतात. चिलीचा व्हिसा असेल तर तीन दिवसांची जीपची फेरी घ्या: पहिल्या दिवशी मिठागर आणि निवडुंगांचे इंकाउआसी बेट, दुसऱ्या दिवशी रोहित पक्ष्यांनी भरलेली लाल लागुना कोलोरादा, तिसऱ्या दिवशी पहाटे वाफेचे झरे आणि मग हितो काहोनच्या सीमेवरून खाली चिलीतले सान पेद्रो दे आताकामा. दुसरी रात्र ४,२०० मीटरच्या वर काढावी लागते आणि जून ते सप्टेंबरात तापमान शून्याच्या बरेच खाली जाते, त्यामुळे स्लीपिंग बॅग भाड्याने घ्या. कंपनी निवडताना कार्यालयातल्या फोटोंकडे न पाहता जीपचे टायर, सीटबेल्ट आणि चालक पाहा. चालकाच्या तोंडाला दारूचा वास आला तर पैसे गेले तरी चालतील, बसू नका.

चिलीचा व्हिसा नसेल तर जीपच्या फेरीने उयुनीलाच परत या, तुपिसामार्गे सीमेवरच्या वियासोनला जा आणि पूल चालत ओलांडून अर्जेंटिनातल्या ला कियाकात शिरा. घड्याळ एक तास पुढे करा. पुढची उमावाकाची दरी, पुर्मामार्काचा सप्तरंगी डोंगर आणि साल्ता हा भाग इतका सुंदर आहे की चिली सुटल्याची हळहळ वाटणार नाही.

चिलीत शिरताना एक सावधगिरी आपल्या लोकांनी विशेष घ्यावी. बिया, फळे, मध, डाळी, सुका मेवा यांची सीमेवर कडक तपासणी होते. सॅकेत मेतकूट किंवा शेंगदाण्याची चटणी असेल तरी अर्जावर 'होय' लिहा. लिहून दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड. कोकाची पाने बोलिव्हियातच सोडा.

दक्षिणेच्या टोकाबद्दल थोडक्यात. अर्जेंटिनातल्या एल चाल्तेन गावातून फिट्झ रॉय शिखराच्या पायथ्यापर्यंतच्या वाटा वाटाड्याशिवाय करता येतात. हवा चांगली मिळेपर्यंत थांबता यावे म्हणून तिथे पाच-सहा दिवस ठेवा. एल कालाफातेजवळची पेरितो मोरेनो हिमनदी एका दिवसात होते. चिलीतल्या तोरेस देल पाइनेमध्ये रात्रीचे मुक्काम आधी आरक्षित केल्याशिवाय चालू देत नाहीत, तेव्हा ते महिने आधी पाहा. पॅटागोनियातला वारा माणसाला ढकलून देतो, म्हणून साधा पोंचो नको, चांगले जाकीट न्या. साल्ता किंवा सान्तियागोहून इतक्या खाली जायला बसपेक्षा विमान घ्या.

शाकाहाराची काळजी करू नका, पण नीट बोला. नुसते 'मांस नको' म्हटले की कोंबडी येते. 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो' हे पाठ करा आणि सूप मागवताना ते मांसाच्या पाण्यात शिजवले आहे का ते विचारा, कारण भाज्यांचे म्हणून दिलेले सूपही बहुधा तसेच असते. पेरू-बोलिव्हियाच्या मंडईत बटाटे, कणीस-चीज, किनवा, ॲव्होकाडो-पाव आणि ताज्या फळांचे रस पोटभर मिळतात. चिफा म्हणजे पेरूतली चिनी खानावळ, तिथे बिनमांसाचा परतलेला भात करून देतात. अर्जेंटिनात पिझ्झा, न्योकी (बटाट्याचे उकडलेले गोळे), चीजची किंवा मक्याची एम्पानादा (खारी करंजी). तिथल्या मेदियालुना या पावांत लोण्याचे आणि चरबीचे असे दोन प्रकार असतात, विचारून घ्या. बाकी हॉस्टेलात स्वयंपाकघर असतेच. मसूर आणि जिरे सगळीकडे मिळतात, हळद आणि गोडा मसाला तेवढा घरून न्या, आणि चिलीच्या सीमेवर तो लिहून दाखवा.

दोघी बायका म्हणून विशेष भीती बाळगण्याचे कारण नाही, मात्र चोऱ्या भरपूर होतात. लिमा, सान्तियागो, वाल्पाराइसो आणि ब्यूनोस आयर्समध्ये हातातला फोन दुचाकीवरून हिसकावतात. रस्ता पाहायचा तर दुकानात शिरून पाहा. अंगावर कोणी काही सांडले आणि दुसरा पुसायला धावला, तर त्याला हात लावू न देता पुढे चला. बसमध्ये लहान पिशवी वरच्या फळीवर नको आणि पायाखालीही नको, मांडीवर ठेवा. रात्रीची टॅक्सी ॲपवरूनच बोलवा. नव्या शहरात अंधार पडल्यावर पोहोचणारी बस घेऊ नका. रात्रीच्या बसने सकाळी पोहोचणे बरे, मात्र कंपनी चांगली घ्या, कारण त्या घाटांत तिकिटाचे थोडे जास्त पैसे सुरक्षिततेसाठीच जातात.

पैशांचा माझा अंदाज असा: एकत्र राहून पेरू-बोलिव्हियात माणशी रोज ३५ ते ४५ डॉलर, चिली-अर्जेंटिनात ६० ते ८०. लांबची विमाने, माचू पिच्चू आणि उयुनी याखेरीज. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे न्या आणि काही शे डॉलर कोऱ्या नोटांत. किंचित फाटलेली किंवा शाई लागलेली नोट तिथे कोणी घेत नाही. बोलिव्हियात २०२३ पासून डॉलरची टंचाई सुरू झाली आणि बाजारातला दर अधिकृत दरापासून बराच दूर गेला, म्हणून पोहोचल्यावर हॉस्टेलमध्ये आधी त्या दिवसाचे दोन्ही दर विचारा, मगच यंत्रातून पैसे काढा. चिलीत हॉटेलचे बिल डॉलरमध्ये दिले आणि पासपोर्टसोबत प्रवेशाची पावती दाखवली तर १९ टक्के कर माफ होतो. अर्जेंटिनात परदेशी कार्डाने राहण्याचे पैसे दिल्यास २१ टक्के. विमा घेताना किती उंचीपर्यंतचा ट्रेक त्यात धरला आहे ते वाचा. अनेक पॉलिसी चार हजार मीटरच्या वर हात वर करतात.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. तिचे पिवळे पुस्तक पासपोर्टच्या पाकिटातच ठेवा, कारण तुम्ही ज्या देशांतून परत येणार त्यांतले बहुतेक भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहेत आणि ते नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आणि कोकाच्या चहाची पाकिटे मैत्रिणींसाठी आणू नका. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचे पान स्पष्टपणे येते.